फोटोची बॉर्डर प्रिंटमध्ये एका बाजूने कापली जाते, वरखाली गायब होते, फ्रेमच्या मागे काळं येतं: काय करायचं

लग्नसराई आली किंवा गणपती जवळ आले की मला हमखास हा प्रश्न येतो, "ताई, फोनवर बॉर्डर चारही बाजूंनी मस्त दिसतेय, प्रिंट आली की एका बाजूची गायब, असं का?" आणि दर वेळी मी तुकड्यातुकड्यात उत्तर देते, मग कुणाचं अर्धवट राहतं आणि त्यांचे पैसे परत एकदा वाया जातात, म्हणून आता बसून सगळं सविस्तर लिहितेय. माझं एकच म्हणणं आहे, ते आधीच सांगून टाकते. बॉर्डर ही सगळ्यात शेवटी फोटोवर चिकटवायची गोष्ट समजतात ना, तिथेच गडबड होते. आधी कागदाचा साइज ठरवायचा, मग त्या मापात फोटो कापायचा आणि मग बॉर्डर. हा क्रम बदलला की पुढचं सगळं बिघडतं.

हे मला कळलं ते आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या वेळी. आलेल्या प्रत्येकाला आजीचा नातवंडांसोबतचा फोटो द्यायचा ठरलं, 4 बाय 6 इंचाच्या 40 प्रिंट, आणि आईची इच्छा की भोवती आजीच्या पैठणीच्या काठासारखी बॉर्डर हवी. मी मामाच्या फोनमधला फोटो घेतला, सगळीकडून 100 पिक्सेलची साधी मरून बॉर्डर लावून आधी एक नमुना काढून बघू म्हटलं, आणि प्रिंट हातात आली तर डावीउजवीकडे बॉर्डर अगदी व्यवस्थित आणि वर-खाली काहीच नाही. नुसती बॉर्डर नाही, आजीच्या अंबाड्यातला गजरासुद्धा वरून थोडा कापलेला. मी लॅबवाल्या काकांना विचारलं तर ते म्हणाले, "ताई, तुमची फाइलच तशी आहे, मशीन काय करणार." मला पटलं नव्हतं, घरी येऊन हिशोब मांडला तेव्हा पटलं.

हिशोब असा. फोनचा फोटो बहुतेक वेळा 4:3 असतो, म्हणजे समजा 4000 बाय 3000 पिक्सेल. त्याला चारी बाजूंनी 100 ची बॉर्डर लावली की फाइल झाली 4200 बाय 3200. पण 4 बाय 6 चा कागद 3:2 या प्रमाणात असतो. कागद पूर्ण भरायचा तर 4200 रुंदीला उंची हवी 2800, आपल्याकडे आहे 3200, मग मशीन 400 पिक्सेल कापतं, 200 वरून आणि 200 खालून. आपली बॉर्डर होती 100 ची, ती सगळी गेलीच, शिवाय फोटोचेही दोन्हीकडून 100-100 पिक्सेल गेले. गजरा त्यातच गेला. आणि डावीउजवीकडे काहीच कापायचं नव्हतं म्हणून तिथली बॉर्डर शाबूत. तुमच्याकडेही समोरासमोरच्या दोन बाजू गायब आणि उरलेल्या दोन ठणठणीत असं होत असेल तर कारण शंभर टक्के हेच, प्रमाण जुळत नाहीये, दुसरं काही शोधत बसू नका.

यावर उपाय म्हणजे रिकामा कागद आधी बनवायचा. 300 डीपीआयने, म्हणजे एका इंचात 300 पिक्सेल धरून, 4 बाय 6 म्हणजे 1800 बाय 1200 पिक्सेल, 5 बाय 7 म्हणजे 2100 बाय 1500, 8 बाय 12 म्हणजे 3600 बाय 2400, 12 बाय 18 म्हणजे 5400 बाय 3600, आणि ए फोर म्हणजे 3508 बाय 2480. ज्या कागदावर प्रिंट निघणार त्याच मापाची नवीन फाइल उघडायची, तिच्यात फोटो ठेवायचा आणि बॉर्डरही तिच्यातच बसवायची, म्हणजे फाइल आणि कागद दोघांचं प्रमाण एकच आणि मशीनला कापायला कारणच उरत नाही. 5 बाय 7 चं प्रमाण 4 बाय 6 पेक्षा वेगळं आहे हे मात्र लक्षात असू द्या, 4 बाय 6 साठी केलेली फाइल 5 बाय 7 वर काढायला दिली की परत तीच बोंब.

आणि फोटो अजिबात कापायचाच नसेल, म्हणजे कडेला माणसं उभी आहेत आणि कुणाचाच खांदा जायला नको, तर सगळीकडून सारखी बॉर्डर हवी हा हट्ट सोडा. 1800 बाय 1200 च्या कागदावर वर-खाली 72 पिक्सेल सोडले की फोटोला उंची उरते 1056, तर 4:3 ने रुंदी येते 1408, आणि डावीउजवीकडे 196-196 पिक्सेल राहतात. वर-खाली साधारण 6 मिलिमीटर, बाजूला साडेसोळा. बाजूच्या रुंद पट्टीत वेल, तोरण, तारीख, नाव असं काही घातलं की ते मुद्दाम केल्यासारखं दिसतं आणि छान दिसतं. फ्रेमवाले फोटोभोवती पुठ्ठ्याची चौकट म्हणजे माउंट लावतात तेव्हाही चारी बाजू सारख्या ठेवतातच असं नाही, खालची पट्टी कितीतरी वेळा जास्त रुंद असते.

तर मी 1800 बाय 1200 ची फाइल केली, 36 पिक्सेलची म्हणजे 3 मिलिमीटरची नाजूक बॉर्डर लावली आणि पुन्हा गेले. या वेळी वर-खाली बॉर्डर आली, थोडी बारीक झालेली, डावीकडे 2 मिलिमीटर आली, आणि उजवीकडे काहीच नाही. रडायलाच आलं होतं, कारण कार्यक्रमाला चारच दिवस राहिले होते.

ही दुसरी गडबड आहे आणि हिचा प्रमाणाशी संबंध नाही. कडेपर्यंत फोटो असलेली प्रिंट, जिला बॉर्डरलेस म्हणतात, ती काढताना मशीन फोटो कागदापेक्षा किंचित मोठा करून छापतं, कारण रोलमधला कागद सरकताना किंवा कापला जाताना थोडा इकडेतिकडे होतोच, आणि फोटो तंतोतंत कागदाएवढा ठेवला तर एखाद्या कडेला पांढरी रेघ दिसेल. ती दिसू नये म्हणून थोडा फोटो कागदाबाहेर जातो. साध्या फोटोत हे आयुष्यात कुणाला कळत नाही, आकाश दोन मिलिमीटर कमी झालं तर कोण मोजतंय. बॉर्डर असली की मात्र लगेच कळतं, कारण बॉर्डर म्हणजे कडेला लावलेली पट्टीच, ती वाकडी झाली की डोळा तिथेच जातो.

मग आपली लॅब नेमकं किती कापते ते कसं कळणार? विचारून नीट उत्तर मिळत नाही, आणि मशीन बदललं, रोल बदलला की आकडा बदलतो. मी एक चाचणीची प्रिंट बनवली, ही युक्ती नक्की करून बघा, एका प्रिंटच्या पैशात सगळं समजतं. गिम्प या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये 1656 बाय 1056 ची पांढरी फाइल उघडायची. मग फिल्टर्समध्ये डेकॉर, त्यात ॲड बॉर्डर, आणि 12 पिक्सेलची बॉर्डर लावायची, एकामागून एक सहा वेळा, दर वेळी वेगळा रंग. मी आतून बाहेर काळा, निळा, हिरवा, पिवळा, केशरी आणि सगळ्यात बाहेर लाल असे घेतले. सहा वेळा 12 म्हणजे प्रत्येक बाजूला 72, आणि फाइल बरोबर 1800 बाय 1200 होते. 300 डीपीआयला 12 पिक्सेल म्हणजे जवळजवळ 1 मिलिमीटर, म्हणजे प्रत्येक रंग 1 मिलिमीटरचा. मध्ये मोठ्या अक्षरात "वर", "डावी", "उजवी" लिहून ठेवा, नाहीतर प्रिंट हातात आल्यावर कुठली बाजू कुठली ते कळत नाही. आता प्रिंटच्या कडेला पहिला कुठला रंग दिसतोय ते बघायचं. लाल दिसला तर फार तर त्यातलाच थोडा गेलाय, केशरीपासून सुरू झालं तर 1 मिलिमीटर गेला, पिवळ्यापासून तर 2, हिरव्यापासून तर 3.

माझ्या प्रिंटवर डावीकडे केशरीपासून सुरू, उजवीकडे हिरव्यापासून, वर केशरी, खाली पिवळा. डावीकडून 1 गेला, उजवीकडून 3, दोन्ही मिळून 4, म्हणजे मशीनने दोन्हीकडे 2-2 ने मोठं केलं होतं आणि शिवाय कागद 1 ने सरकला होता. 3 मिलिमीटरची बॉर्डर उजवीकडे का उरली नाही आणि डावीकडे 2 च का राहिली ते एका नजरेत समजलं.

हे कळल्यावर दोनच शहाणपणाचे रस्ते राहतात. एक म्हणजे बॉर्डर जाड करायची. नुसता 1 मिलिमीटरचा सरक धरला तर 2 मिलिमीटरच्या बॉर्डरचं एकीकडे 1 आणि एकीकडे 3 होतं, एक बाजू दुसरीच्या तिप्पट, ते लांबूनही दिसतं. तोच सरक 10 मिलिमीटरच्या बॉर्डरला आला तर 9 आणि 11 होतील, ते पट्टी लावून मोजल्याशिवाय कुणालाही कळत नाही. दुसरा रस्ता मला जास्त आवडतो, नक्षी कडेला चिकटवायचीच नाही, बाहेर 7-8 मिलिमीटर साधा रंग सोडायचा आणि नक्षी आत घ्यायची. जे कापलं जाईल ते साध्या रंगातून जाईल, नक्षीला धक्का लागणार नाही.

काचेच्या फ्रेममध्ये फोटो बसवणार असाल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण फ्रेमची पट्टी आतल्या बाजूने फोटोच्या कडा झाकते, चांगले काही मिलिमीटर झाकते, आणि प्रत्येक फ्रेमचं वेगळं असतं. फ्रेम घरात असेल तर पट्टीने मोजून घ्या आणि तेवढं बाहेरच्या रंगात वाढवा. एका मैत्रिणीने वडिलांचा फोटो मोठा करून त्याला सुंदर चंदेरी रेघ लावली होती, प्रिंट अप्रतिम आली आणि फ्रेममध्ये घातल्यावर रेघच दिसेना, सगळी पट्टीखाली दबली.

लॅबमध्ये फाइल देताना तोंडी तीन गोष्टी सांगा: क्रॉप करू नका, फोटो फिट ठेवा, आणि ऑटो करेक्शन बंद ठेवा. हे शेवटचं बरेच जण सांगत नाहीत आणि मग म्हणतात चेहरे हिरवट आले. होतं काय, मशीन पूर्ण फाइलमधल्या रंगांचा अंदाज घेतं, आणि आपण भोवती जाड लालभडक किंवा मरून बॉर्डर लावलेली असते, मग त्याला वाटतं या फोटोत लाल फारच झालाय आणि ते उलट दिशेने ओढतं. बॉर्डर फिकट होते आणि चेहरे निळसर-हिरवट. आधी बॉर्डरशिवाय काढलेल्या त्याच फोटोचे रंग चांगले आले होते आणि बॉर्डर लावल्यावर बिघडले असतील तर कारण हेच धरा.

आता पैठणीच्या काठाकडे येते, कारण ज्यांना छापील फ्रेम नको आणि आपल्या घरची काहीतरी खूण हवी त्यांना हे उपयोगी पडेल. आजीची पैठणी मरून अंगाची, नारळी काठाची. आधी मी काठ स्कॅनरवर ठेवून बघितला तर जरीचा रंग मातकट तपकिरी आला. स्कॅनरचा उजेड ठरावीक कोनातून पडतो आणि जरीचा सोनेरीपणा तर चमकेतच असतो, चमक नाही आली की उरतो तो मळका पिवळा रंग. मग सकाळी खिडकीजवळ टेबलावर साडी पसरली, हलक्या इस्त्रीने सुरकुत्या काढल्या, फ्लॅश बंद ठेवला आणि बाजूने उजेड येईल असं बघून फोन अगदी काठाच्या डोक्यावर सपाट धरून फोटो काढला. फोन तिरका झाला की काठ एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला अरुंद येतो आणि मग तो जोडताना कुठेच जुळत नाही, हे सरळ करायला अर्धा तास जातो त्यापेक्षा चार फोटो जास्त काढा.

या काठातला एक ठसा, म्हणजे एक नारळ आणि त्याच्या शेजारची मोकळी जागा, कापून वेगळा घेतला. इथे बहुतेकांची चूक होते ती अशी की काठाची लांबलचक पट्टी घेऊन ती चारी बाजूंना लावतात आणि कोपऱ्यात दोन पट्ट्या एकमेकींवर चढतात, किंवा नक्षी अर्ध्यात तुटते, अर्धा नारळ इकडे आणि अर्धा तिकडे. ते टाळायचं तर ठशाचं माप असं धरायचं की दोन्ही बाजूंना पूर्ण संख्या बसेल. मी 1800 बाय 1200 मध्ये चारी बाजूंना 90 पिक्सेल साधा मरून सोडला, म्हणजे साडेसात मिलिमीटर. आत उरलं 1620 बाय 1020. ठसा घेतला 60 बाय 60 चा, चार कोपऱ्यांना 60 चे चौकोन राखले, मग आडव्या बाजूला उरले 1500, म्हणजे बरोबर 25 ठसे, आणि उभ्या बाजूला 900, म्हणजे 15 ठसे. दोन्ही विषम संख्या आहेत हे मुद्दाम बघितलं, कारण मग प्रत्येक बाजूच्या मधोमध एक पूर्ण ठसा येतो आणि दोन्हीकडे सारखे उरतात. कोपऱ्यातल्या चौकोनात नारळ बसवला नाही, तिथे पदराजवळची गोल अशर्फी बुट्टी घेतली, गोल असल्यामुळे ती कुठल्याही बाजूने बघितली तरी सरळच दिसते. फोटोला जागा उरली 1500 बाय 900, म्हणजे 5:3, तेव्हा फोटो आधीच 5:3 मध्ये कापला, वरचं मंडपाचं कापड आणि खालची फरशी गेली, गजरा पूर्ण राहिला.

एक मात्र सांगते, नारळी काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो म्हणून सोपा. मुनिया काठ असेल तर पोपटांची तोंडं एकाच दिशेला असतात, तेव्हा अर्ध्या पट्टीनंतर ठसा उलटा म्हणजे आरशातल्यासारखा करून घ्या, म्हणजे दोन्हीकडचे पोपट मध्यभागी बघतील, नाहीतर एका बाजूचे सगळे फोटोकडे पाठ करून बसल्यासारखे वाटतात. वारली नक्षीच्या बॉर्डरलाही हेच, नाचणारी माणसं खालच्या पट्टीत उलटी टांगू नका, खालीसुद्धा पाय खालीच हवेत.

आणि जरीचा फोटो एकदम लहान केला की त्यावर पाण्यावरच्या लाटांसारखे पट्टे उमटतात. बारीक दोऱ्यांची जाळी आणि पिक्सेलची जाळी एकमेकींशी भांडतात त्यामुळे ते होतं. लहान करायच्या आधी अगदी हलका गॉसियन ब्लर द्या, म्हणजे चित्र किंचित धूसर करा, मग साइज कमी करा, आणि स्क्रीनवर 100 टक्क्यांवर बघा, झूम कमी करून बघितलं तर स्क्रीनच लाटा दाखवते आणि आपण उगाच घाबरतो.

या तिसऱ्या फाइलची प्रिंट आली तेव्हा बाहेरच्या मरून पट्टीतून डावीकडे 1 आणि उजवीकडे 3 मिलिमीटर गेलेच होते, मशीन तेच होतं ना. पण पट्टी साडेसहा आणि साडेचार राहिली आणि काठ चारी बाजूंनी पूर्ण. आजीने बोट फिरवून विचारलं, "हे छापलंय की शिवलंय?"

आता बाकीच्या नेहमीच्या तक्रारी.

फ्रेम डाउनलोड केली, फोटोवर टाकली आणि फोटोच दिसेना, मध्ये पांढरं किंवा काळं. फ्रेमच्या मधला भाग पारदर्शक असावा लागतो आणि पारदर्शकता जेपीजी फाइलमध्ये साठवताच येत नाही, पीएनजीमध्ये येते. कुणी तुम्हाला ती पीएनजी व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवली की वाटेत तिची जेपीजी होते आणि पारदर्शक जागा भरून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, मग फाइल जशीच्या तशी येते. दुसरं म्हणजे सर्चमध्ये जी राखाडी-पांढऱ्या चौकड्यांची फ्रेम दिसते ना, तिच्यात कितीतरी वेळा त्या चौकड्या चित्रातच रंगवलेल्या असतात, पारदर्शक काही नसतंच. ओळखायची सोपी खूण, सर्चच्या यादीत छोट्या चित्रातच चौकड्या दिसल्या तर ती बहुधा खोटी, उघडल्यावर मागून चौकड्या आल्या तर खरी असण्याची शक्यता जास्त. आणि सगळं नीट असूनही फोटो दिसत नसेल तर लेयरचा क्रम बघा, फ्रेम वर आणि फोटो खाली हवा.

फुलांच्या फ्रेमला कडेने पांढरी किनार दिसते तीही विचारतात. कुणीतरी ती पांढऱ्या बॅकग्राउंडवरून कापलेली असते आणि कडेच्या पिक्सेलमध्ये थोडा पांढरा मिसळलेला राहतो, फिकट फोटोवर तो लपतो आणि गडद फोटोवर उठून दिसतो. फ्रेमच्या आकाराचं सिलेक्शन करून ते 1 पिक्सेलने आत घ्या, उलटं करा आणि बाहेरचं पुसा. नाजूक पाकळ्या असतील तर एवढ्यानेच काम होतं.

गिम्पमध्ये कॅनव्हास साइज वाढवला आणि बॉर्डर फक्त उजवीकडे आणि खालीच आली, म्हणजे त्या चौकटीतलं सेंटर बटण दाबायचं राहिलं, फोटो वरच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन बसला. आणि ॲड बॉर्डरने एकाच रंगाची बॉर्डर लावली तरी चारी बाजू वेगवेगळ्या छटेच्या दिसतात, दोन उजळ, दोन गडद. बिघाड काही नाही, तिथे डेल्टा व्हॅल्यू म्हणून एक आकडा असतो, तो उठाव दाखवण्यासाठी छटा बदलतो, सपाट रंग हवा तर तो शून्य करा. वर सांगितलेली चाचणीची प्रिंट करतानाही तो शून्यच ठेवा.

उभा फोटो घेतला आणि फ्रेम आडवी बसली, किंवा फोटोच कुशीवर झोपला. फोन उभा धरून काढलेला फोटो बऱ्याचदा फाइलमध्ये आडवाच साठवलेला असतो आणि सोबत एक टीप असते की दाखवताना एवढा फिरवा. गॅलरी ती टीप वाचते, काही फ्रेमची ॲप वाचत नाहीत. गिम्प उघडताना विचारतं फिरवू का, तेव्हा हो म्हणा आणि नवीन फाइल म्हणून एक्स्पोर्ट करा, मग फोटो खरोखरच उभा साठवला जातो. इरफानव्ह्यू नावाच्या फोटो बघायच्या सॉफ्टवेअरनेही हे होतं, आणि शाळेच्या स्नेहसंमेलनाचे दोनशे फोटो असतील तर त्याच्या बॅचमध्ये एकदम होतं, हाताने करत बसू नका.

चौकोनी फ्रेम लांबट फोटोवर ताणली आणि कोपऱ्यातली गोल फुलं लंबगोल झाली? फ्रेम अशी रबरासारखी ओढायची नसते. फुलीगोळ्याच्या खेळासारखे तिचे नऊ भाग कल्पा, चार कोपरे जसेच्या तसे ठेवा, चार बाजूंच्या पट्ट्या तेवढ्या लांबवा किंवा ठसा परत परत लावा, मधलं घर फोटोचं. पैठणीच्या काठाला मी जे केलं ते हेच.

बारीक रेघेची बॉर्डर व्हॉट्सॲपवर पाठवली की पुसट होते, याचं कारण साधं आहे, नेहमीच्या क्वालिटीत फोटोची लांब बाजू साधारण 1600 पिक्सेलपर्यंत खाली येते, म्हणजे 4000 च्या फोटोवरची 3 पिक्सेलची रेघ जेमतेम 1 पिक्सेलची उरते. फक्त पाठवायचाच असेल तर आधी फोटो 1600 चा करा आणि मग रेघ काढा. लाल रंगाच्या बारीक रेघा आणि लाल अक्षरं जास्तच फुटतात, कारण जेपीजी रंगाची माहिती बहुतेक वेळा अर्ध्याच बारकाव्याने साठवते. गिम्पच्या एक्स्पोर्टमध्ये ॲडव्हान्स्डमध्ये सबसॅम्पलिंग 4:4:4 करा आणि क्वालिटी 95 ठेवा, प्रिंटच्या फाइलला तर नक्कीच.

डीपीला चौकोनी बॉर्डर लावूच नका. गोलात चौकोनाचा साडेएकवीस टक्के भाग जातो आणि तो नेमका कोपऱ्यांचाच असतो, चारही बाजूंच्या मधल्या चार कडा तेवढ्या दिसतात आणि विचित्र वाटतं. 1080 बाय 1080 मध्ये गोल कडं काढा, कडेपासून 15-20 पिक्सेल आत.

लग्नाच्या करिझ्मा अल्बममध्ये 12 बाय 36 चं पान उघडतं, त्यात मधोमध घडी येते, तर पूर्ण पानाला एकच फ्रेम असली तरी कोपऱ्यातली किंवा मधली मोठी नक्षी घडीवर येऊ देऊ नका. बाकी कडांचं गणित वरचंच.

मूळ फोटो कायम वेगळा ठेवा. बॉर्डर लावलेल्या जेपीजीवरच परत दुसरी बॉर्डर, परत सेव्ह, असं करत गेलं की दर वेळी फोटो थोडा खराब होतो आणि कागदाचा साइज बदलला तर मागे जायला वाट राहत नाही. मी फाइलच्या नावातच लिहून ठेवते, "आजी 4 बाय 6 काठासह", "आजी मूळ".

एवढं करूनही अडलंच तर विचारा, पण विचारताना नुसता स्क्रीनशॉट पाठवू नका, त्यावरून काहीच कळत नाही. फाइल किती बाय किती पिक्सेलची आहे, कुठल्या साइजची प्रिंट मागितली, बॉर्डर किती पिक्सेलची होती, आणि प्रिंट फुटपट्टीशेजारी ठेवून काढलेला फोटो, एवढं द्या. चारही बाजू मोजून लिहिल्यात तर फारच बरं.